तांब्याच्या दोन कड्या

सत्तरी ओलांडल्यावरही माझे सासरे चष्म्याशिवाय पेपर वाचत, आणि तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा वाचत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सकाळी ओसरीवरच्या खाटेवर बसून मामाजी धानाच्या भावापासून निधनवार्तेपर्यंत सगळं संपवत, पेपरची घडी घालत आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही विचारत, "कोनाची नजर गेली म्हनता?" त्यांच्या बरोबरीचे दोघे-तिघे मोतीबिंदू काढून काळे चष्मे लावून हिंडत होते. टोला त्यांना असायचा.

नव्व्याण्णव साली लग्न होऊन मी देवरीकडून दवनीवाड्याजवळच्या या गावी आले, तेव्हा घरात मामाजी, माझे यजमान आणि एक मोटारसायकल होती. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मोटारसायकल माझ्या यजमानांपेक्षा वयानं मोठी, दोन सायलेन्सरची, काळ्या टाकीची. तिला मामाजींशिवाय कुणी हात लावायचा नाही. यजमानांनी कॉलेजात असताना एकदा विचारल्याशिवाय नेली, तर मामाजी महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. माझंही त्यांच्याशी बोलणं बेताचंच होतं. डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभं राहायचं, 'जी' म्हणायचं, 'आणते' म्हणायचं. या दोन शब्दांवर माझी सहा-सात वर्षं निघाली.

यजमान देवरीला शाळेत नोकरीला लागले आणि शनिवारी-रविवारीच घरी येऊ लागले. आमची मिनी पहिलीत गेली तेव्हा तिला शाळेत नेण्या-आणण्याचं काम मामाजींनी स्वतःकडे घेतलं. शाळा नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडे, दोन-अडीच किलोमीटरवर. मिनी पुढे टाकीवर बसायची, दोन्ही हातांनी हँडलचा मधला दांडा धरायची, आणि मामाजी तिला म्हणायचे, "तू समोर पाह्य, मी बाकीचं पाहतो."

बाकीचंच त्यांना दिसत नव्हतं, हे मला कळायला उशीर झाला.

मामाजींचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. एकदा लागला तर कुणी लक्ष देत नाही, पण तो रोज त्याच ठिकाणी लागायचा. डाव्या हाताला ठेवलेला पाण्याचा गडू लवंडायचा आणि बोलणी मला बसायची, "वाटेत कायले ठेवतेस वो?" एका शनिवारी मी यजमानांना हळूच म्हटलं, मामाजींना नीट दिसत नाही असं वाटतं. ते हसले. "बाबा चष्म्याशिवाय पेपर वाचतात. तुझं काहीतरीच." पेपर तर ते खरंच वाचत होते.

त्या हिवाळ्यात गाडीचा आवाज फाटला. इंजिनातून निघणाऱ्या दोन नळ्या जिथे इंजिनाला जोडलेल्या असतात, तिथे आत बांगडीसारखी एकेक कडी बसवलेली असते. तिला पॅकिंग म्हणतात. ती जळली की धूर सायलेन्सरपर्यंत न जाता तिथूनच फुटतो आणि गाडी फटाक्यांची लड लावल्यासारखी वाजते. पंधरा-वीस दिवस मामाजी तशीच गाडी चालवत होते. मग एका दुपारी ते मिनीला घेऊन पायी घरी आले. नंतर स्वतःच जाऊन गाडी ढकलत आणली, अंगणात लावली आणि म्हणाले, "फाटक्या आवाजाची गाडी मी नाई चालवत." कालपर्यंत तर चालवत होते. पण विचारणार कोण?

त्यांनी गाडी खोलायला घेतली. नळ्यांचे नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि गंजानं जाम झाले होते. तीन दिवस त्यांवर रॉकेल सोडत राहिले. नट जोरानं फिरवला आणि तो ज्यावर बसतो तो आतला स्टड तुटला तर इंजिनाचं तोंडच निकामी, एवढं मलाही समजलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पाना लावला. मी चहा घेऊन आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या मनगटाची शीर तटतटली होती. पाना तसूभर सरकायचा, ते थांबायचे, पुन्हा रॉकेल, पुन्हा तसूभर. तीन नट निघाले. चौथा कुरकुरत निघाला आणि हातातून सुटून त्यांच्या डाव्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडला.

मामाजींनी समोर पाहिलं. उजवीकडे पाहिलं. वाकून गाडीखाली पाहिलं. "कुठी गेला?" सारवलेल्या अंगणात, स्वच्छ उन्हात, तो काळा नट मला दारातून दिसत होता. मी वाट पाहत राहिले, की आता दिसेल. नाही दिसला. मी पुढे होऊन चहाचा कप मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. दुसऱ्याच क्षणी त्यांच्या कोपरानं तो उडवला.

ते ओरडले. मी कपाचे तुकडे वेचत बसले. चुलीजवळची फुंकणी डोळ्याला लावून पाहावं तसं या माणसाला दिसत होतं. समोरचा पेपर, समोरची चाकोरी, तेवढंच. आणि माझी मुलगी रोज त्यांच्या पुढ्यात बसून नहराचं वळण पार करत होती.

मामाजींनी जुनी जळकी कडी नमुन्याला देऊन मला गोंदियाला पाठवलं. "अश्याच दोन आनजो." बाजारात तिसऱ्याच दुकानात त्या मिळाल्या. घरी आल्यावर मी त्या धान साठवायच्या ढोलीत हात घालून खोल पुरल्या आणि बाहेर येऊन म्हटलं, "भेटल्या नाईत, मामाजी. जुन्या गाडीच्या आता येत नाईत म्हनते."

सासऱ्यांशी मी पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलले होते आणि ते खोटं होतं.

तीन आठवडे मी मिनीला पायी नेलं-आणलं. दर सोमवारी मामाजी विचारत, "कोनी गोंदियाले जाऊन राहिलं का?" मी नाही म्हणे. ढोलीतून धान काढताना बोटांना कड्या लागल्या की मी त्या आणखी खोल ढकलायचे. यजमानांना सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा पेपरचंच सांगितलं असतं. मामाजींना सांगणं तर माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. मोटारसायकल अंगणात खोललेली पडली होती, आणि तेवढे दिवस माझी मिनी सुखरूप होती.

एक दिवस मामाजींनी माळ्यावरचा फुटका तांब्याचा हंडा काढला. त्याचा पत्रा कापून, ठोकून, कानशीनं घासून त्यांनी दोन दिवसांत दोन कड्या केल्या. संध्याकाळी मी चूल पेटवली तेव्हा ते कड्या घेऊन आत आले. तांबं लाल तापवून पाण्यात टाकलं की नरम पडतं, मग ते दाबून घट्ट बसतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कधी नव्हे ते नीट बसून सांगितलं. चिमट्यात धरलेली कडी त्यांनी निखाऱ्यांवर ठेवली. स्वयंपाकघरात अंधारून आलं होतं. कडी निखाऱ्यासारखी लाल झाली तरी ते तशीच धरून होते; अंधुकात ती त्यांना निखाऱ्यांतून वेगळी दिसत नसावी.

"झाली का लाल?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर ती जास्त तापून चिमट्यातच वाकडी झाली असती. मी म्हटलं, "झाली." त्यांनी ती पाण्यात सोडली. दुसरीच्या वेळीही मीच सांगितलं.

सकाळी कड्या बसल्या, नट आवळले गेले आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. आवाज इतका स्वच्छ की शेजारची माणसं बघायला बाहेर आली. मामाजींनी कपाळाचा घाम पुसला आणि हाक मारली, "मिनीले आना, शाळेत सोडून येतो."

मिनी दप्तर घेऊन धावली. मी तिचा दंड धरला आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"मिनी बसनार नाई."

"काऊन?"

"तुमाले डाव्या बाजूचं दिसत नाई, मामाजी."

शेजारी उभे होते. गाडी चालू होती. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. आता ते मला माहेरी धाडतील असं मला खरंच वाटलं. पण त्यांनी चावी फिरवली. गाडी बंद झाल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात मिनी रडायला लागली.

"कधीपासून माहीत आहे तुले?"

"नट पडला तवापासून. पॅकिंगही भेटली होती. ढोलीत आहे."

शेजारी पांगले. मिनीला मी आत पाठवलं. मामाजी खाटेवर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. गाडी अंगणात लावली त्या दुपारी ते मिनीला आणायला निघाले होते. नहराच्या वळणावर डावीकडून सायकलवर एक मुलगी आली. हँडल लागलं, ती खडीवर पडली, कोपर सोलून निघालं. पडल्या पडल्या ती म्हणाली, आजोबा, मी घंटी वाजवून राहिली होती. मग उठली, सायकल उचलली आणि गेली.

"मी म्हनलो, आवाजापायी झालं. फाटक्या आवाजात घंटी ऐकू नाई आली. पॅकिंग बदलवलं का होते ठीक." ते थांबले. "मी म्हनलो, थे पोरगी एकदम आली. कोनी एकदम येत नाई, बाई. थे येऊनच राहिली होती."

शनिवारी यजमान आले तेव्हा मामाजींनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "देवरीले घेऊन जाय. मले दिसत नाई." यजमान माझ्याकडे बघायचं टाळत बराच वेळ अंगणात उभे होते. सोमवारी मी मामाजींना गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. कडेची नजर गेली ती गेली, डॉक्टर म्हणाले. उरलेली थेंब टाकून टिकवायची. पुढे ते थेंब रोज दोन वेळा मीच घालत असे, आणि मधली नजर त्यांना बरीच वर्षं पुरली. पेपरही सुटला नाही.

परतताना बस फाट्यावर थांबली तर मामाजी घराकडे वळलेच नाहीत. नहरापलीकडच्या गावात गेले आणि सायकलवाल्या मुलीचं घर विचारत विचारत शोधून काढलं. तिची आई भाजी निवडत होती. या बाजूच्या गावांत मामाजींना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. ती गडबडून उठली, खुर्ची आणायला निघाली. मामाजी दारातच उभे राहिले.

"तुझ्या पोरीले मी पाडलं. मले दिसत नव्हतं आन् मी गाडी चालवून राहिलो होतो."

मुलगी आतून आली. आठवी-नववीची असेल. कोपरावर नव्या कातडीचा गुलाबी डाग होता. आईला तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं; घसरून पडले एवढंच म्हणाली होती. ती मामाजींकडे बघत म्हणाली, "गाडी सुधरली का, आजोबा?"

"गाडी सुधरली. मी नाई चालवत आता."

आईनं चहा केला. मामाजींनी तो उभ्यानंच घेतला.

आम्ही नहराच्या कडेनं परत निघालो, ते पुढे, मी मागे, पदर सावरत, नेहमीसारखी. ऊन उतरलं होतं. वळणावर आल्यावर मामाजी थांबले. डावीकडे उतार होता आणि तो त्यांना दिसत नव्हता. त्यांनी मागे न वळता हात पुढे केला.

"धर."

आमच्या घरात सून सासऱ्याच्या सावलीलाही जपून असते. मी इकडे तिकडे पाहिलं, शेतात माणसं होती. मग मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हात धरला. गावाच्या वेशीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि वेस ओलांडल्यावरही नाही.