म्हस्कूआबांचं देवक

वडगाव रासाईत कुठलीही सोयरीक म्हस्कूआबांना विचारल्याशिवाय ठरत नसे. मेंढरं सोडून शेतीला लागून त्यांना जमाना झाला होता, पण कुणाचं कूळ कुठलं, देवक कोणतं, हे सगळं त्यांच्या जिभेवर. दोन्हीकडचं देवक एक निघालं की विषय संपला. "भाऊ-भैन हायती, मोडा," एवढं बोलून आबा उठत आणि पोरगी आत रडत बसे. त्याचं आबांना कधी काही वाटलं नाही. वाटायचं कशाला? ते तर पाप टाळत होते!

मग खुद्द त्यांच्या नातीनं, लेकाच्या पूनमनं, दौंडकडचा जयसिंग पसंत केला. देवक एकच. आबांनी तोंडावर सांगून टाकलं, "मी जिता हाय तवर न्हाई."

पूनम पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरीला, आणि हट्टात आजोबांच्या वरचढ. ती म्हणाली, "आबा, बापाकडून पोराला एक खूण जाते, पिढ्यान्‌पिढ्या. लाळ तपासली की कळतं. तुमचा आन् जयसिंगचा मूळपुरुष एक असंल, तर खूण जुळंल."

"तपास की. जुळली न्हाई तर मी सोता अक्षता टाकीन."

आबांना खात्रीच होती. देवक एक म्हणजे रक्त एक, यंत्र वेगळं काय सांगणार? ताडून बघायला एक परका माणूसही हवा होता. तोही आबांनीच सुचवला: मेव्हणा हौसराव, त्यांच्या बायकोचा, बानूबाईंचा, सख्खा भाऊ. "देवक येगळं, गाव येगळं. त्याच्यापेक्षा परका कुठला घावणार?"

महिन्याभरानं पूनम आली आणि ओट्यावर आबांच्या शेजारी बसली. जयसिंगची खूण जुळली नव्हती. हजारो वर्षं मागं गेलं तरी दोघांच्या बापांची ओळ एक होत नव्हती.

आबा हबकले. "आन् हौसरावाची?"

"जुळली. चार-पाचशे वर्सांमागं तुमचा दोघांचा मूळपुरुष एकच."

"मशीन बिघडलं आसंल."

"दोनदा केलं, आबा."

"मंग ह्ये झालं कसं?"

"कळपात दहा मेंढे आसले तरी काहींना नर कोकरू होतच न्हाई. त्यांची ओळ थितंच बुडती. आसं होत होत शेवटी सगळे नर एकाच मेंढ्याचे निघत्यात. माणसांचंबी तसंच. कुणाची ओळ टिकली, कुणाची बुडाली, नुसता योगायोग. देवकं काय, मधीच कवातरी बदलली आसतील."

आबांनी अर्धा जन्म कळपामागं घातला होता. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. हौसराव भावकीतला निघाला, म्हणजे बानू... पुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना. ज्यांची लग्नं मोडली त्या पोरी एकेक करून डोळ्यांपुढं यायला लागल्या, आणि आबांना स्वतःची भीती वाटली.

बानूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "चार लेकरं झाली, नातवंडं झाली, आन् आता मी भैन? मंग सांगा, माझं मोडताय का पोरीचं जोडताय?"

आबांनी पूनमपुढं हात पसरून फोन मागितला. पलीकडून जयसिंगच्या बापानं विचारलं, "कोण बोलतंय?"



"म्या म्हस्कू, वडगावचा," आबा म्हणाले. "तुमचा व्याही."