कॅलेंडरचा खिळा

शहाडला नदीच्या अंगाला आमची चाळ. महापुरात पाणी घरात शिरलं, आणि ओसरल्यावर भिंतीवर जिथे गाळाची रेघ राहिली तिथे मी खिळा ठोकला. पुढे सगळ्यांनी घरं रंगवली, रेघा गेल्या. माझा खिळा राहिला. त्याला कॅलेंडर टांगलेलं, त्यामुळे कोणाला कळायचं नाही.

मग एक मुलगी टेप घेऊन आली. "आजोबा, पाणी कुठवर आलेलं? पुराच्या धोक्यावर शोधनिबंध लिहितेय."

फुकटात कोणी कोणाची भिंत मोजत नाही. मी चौथी नापास, पण एवढं कळतं. आज छापून येणार, उद्या नकाशावर लाल रेषा, परवा घर खाली करा. खिळ्याच्या हातभर खाली, बाजूला, नळ गळून ओलीचा डाग पडलेला. त्यावर बोट ठेवलं. "इथवर."

सून चहा घेऊन आलेली, ती बघतच राहिली. मी डोळे वटारले.

"नक्की ना, आजोबा?"

"तेव्हा तू होतीस की मी?"

वर्षाने ती छापलेला निबंध घेऊन आली. त्यात माझ्या भिंतीचा फोटो, डागावर माझं बोट. नाव मात्र नाही.

"नाव कोणाचंच देत नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून."

त्रास कसला, ते काही बोलली नाही. उलट खुशीत म्हणाली, "तुमच्या खुणेमुळे कळलं, गल्लीतल्या अंगणवाडीचा ओटा पाण्याच्या वर राहतो. पूर आला तर पोरांना तिथेच थांबवा, असं सुचवलंय."

तो ओटा बुडालेला मी डोळ्यांनी पाहिलेला. आणि आमची नात त्याच अंगणवाडीत.

सून म्हणाली, "बाबा, कॅलेंडर तुम्ही काढता की मी काढू?"

"खिळा मी ठोकलाय. कॅलेंडरही मीच काढतो."

खरं काय ते सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. "अहो, छापून झालंय हे!"

"मग परत छाप."

"दुरुस्ती छापता येते. पण माप का बदललं, ते लिहावं लागेल."

"लिही, म्हातारा खोटं बोलला."

"असं नाही लिहीत, आजोबा."

"मग तुमच्यात खरं लिहितात तरी कसं?"

तिला दोनदा मोजायला लावलं. तिने वहीत काय लिहिलं तेही सुनेकडून वाचून घेतलं. अंगणवाडीच्या बाईंना मात्र त्याच दिवशी जाऊन सांगितलं. छापायची वाट कोण बघतो?

दुरुस्ती आली ती सुनेने फोनवर वाचून दाखवली. मी तीनदा वाचायला लावली, मधलं काही गाळत असेल तर. माप बरोबर होतं. ओटा बुडतो, तेही होतं. आता नोटीस येईल तेव्हा येईल.

कॅलेंडरला समोरच्या भिंतीत नवा खिळा ठोकला.