पोलक्याच्या आतल्या टिपा

बोहारीण आमच्या गल्लीत यायची ती दुपारी, पुरुष कचेरीत गेलेले असताना. डोक्यावरच्या टोपलीत स्टीलचे चकचकीत पेले आणि पाठीवर जुन्या कपड्यांचं बोचकं. स्टील तेव्हा आमच्याकडे नवलाचं होतं. बायका पेल्यांसाठी दारात यायच्या, मी बोचक्यासाठी.

नागपूरच्या कॉन्व्हेंटातलं शिक्षण संपवून मी बुलढाण्याला परतले होते. नवं राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. कचेरीत मराठीतून टिपणं लिहायला लागायची म्हणून बाबा रोज वैतागून घरी यायचे. माझं वेगळंच. मला बोलताना मनात आधी इंग्रजी वाक्य तयार व्हायचं, ते उलगडून मराठीत आणेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. शेजारणी म्हणायच्या, "मडमेवानी हाय, तोंडच उघडत नाही." मी खरंच उघडत नसे. बघत मात्र असायची.

जुन्या कपड्यांत बघण्यासारखं पुष्कळ असतं. कोपर कुठे घासलं, कोणत्या हाताने घाम पुसला, पदर कोणत्या खांद्याला ओढला गेला. माझ्याकडे शिंगाच्या बटणांची एक लोकरी बंडी होती, जिच्या खिशात तंबाखूचा वास कायमचा मुरलेला होता. एक गिरणीचं लुगडं होतं, तसे काठ नंतर निघेनासेच झाले. मी ते सगळं रिठ्याच्या उकळत्या पाण्यातून काढायची, उन्हात टाकायची आणि नव्यापेक्षा हौसेने वापरायची. आई आमच्या दोरीवर त्यांना जागा देत नसे.

"जितीचे हायेत का मेलीचे, हे तरी इचारत जाय," ती म्हणायची.

मी विचारत नसे. न विचारण्यातच मजा होती.

हिरवं पोलकं मला थंडीत मिळालं. गर्द बाटली-हिरवं रेशीम, कोपरापर्यंत बाही, बाहीच्या कडेला बोटभर रुंद जर. मी बदल्यात शाळेचा निळा गणवेश दिला. बोहारणीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "हा कोन घेईन वो बाई? पन घ्या, तुमच्यासाठी." घरात येऊन पोलकं अंगात घालून पाहिलं. फार घट्ट होतं, हूक लागेनात. पण खांदे बरोबर बसले होते.

हे मला सांगायला हवं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. शाळेत सिस्टर डोक्यावर पुस्तक ठेवून मला चालायला लावायच्या, तरी तो वर आला नाही. बुलढाण्याच्या दोन्ही शिंप्यांची पोलकी माझ्या उजव्या बाजूला गोळा व्हायची. हे पोलकं उजवीकडे उतरतं कापलेलं होतं. कोणासाठी तरी तसंच, मुद्दाम कापलेलं.

मी ते उलटं केलं. बगलेपासून कमरेपर्यंत शिवणीच्या आत आणखी एक टीप होती. तिच्या आत आणखी एक. तिच्याही आत एक. शेवटची टीप मशीनची नव्हती. ती हाताने घातलेली होती, लांब लांब, वेडीवाकडी, जणू पडल्या पडल्या शिवलेली. सिस्टर शिवण शिकवत, म्हणून मला ते वाचायला वेळ लागला नाही. बाईचं अंग कमी होत गेलं होतं आणि ती दर वेळी तेच पोलकं आत घेत गेली होती. ब्लेडने मी सगळ्या टिपा उसवल्या. मूळच्या शिवणीवर आल्यावर पोलकं माझ्या अंगाला असं बसलं की मी आरशासमोरून बाजूला झाले.

त्यानंतरच्या दोन फेऱ्यांत बोचक्यातून तिची आणखी दोन पोलकी निघाली. एक जांभळं, एक साधं पांढरं. तोच उतरता खांदा, हूक तांबड्या दोऱ्याने लावलेले, आतून त्याच टिपा. मी बोचक्यात हात घालायची तेव्हा आता मला भीती वाटायची की तिचं काही निघेल, आणि निघालं नाही तर रुखरुख लागायची.

ह्याच दिवसांत देऊळगाव राजाचं स्थळ आलं. कापडाचं दुकान, बालाजीच्या देवळाजवळ दुमजली घर, घरात आई आणि मुलगा दोघंच. मुलगा बिजवर होता. पहिली बायको काही महिन्यांपूर्वी वारली होती, मूलबाळ नाही. मध्यस्थाने सांगितलं की साधा ताप आला, चार दिवसांत गेली, सगळी देवाची मर्जी.

बाबांना स्थळ पसंत होतं. "शिकलेला आहे, शांत आहे. हिच्यासारख्या मुलीला शांत माणूसच हवा," ते आईला म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते. मला कोणी काही विचारलं नाही आणि माझं वाक्य अजून तयार झालं नव्हतं.

पाहायला येणार त्या सकाळी आईने माझी सगळी पोलकी पलंगावर टाकली. एकेक लावून पाहिलं, एकेक बाजूला केलं. मग, जिला त्या कपड्यांचा विटाळ वाटायचा त्याच आईने माझ्या पेटीतून हिरवं काढलं.

"हेच घाल. यात खांदा सरळ दिसते."

"आई, ते बोहारणीचं आहे."

"मंग? त्यायले काय मालूम?"

मायलेक दोघं आले. त्यांची आई उंच, हाडापेराने मजबूत, पांढऱ्या लुगड्यातली. ते स्वतः मान खाली घालून बसले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन गेले. त्यांनी बशी घेण्यासाठी मान वर केली, नजर माझ्या बाहीवरच्या जरीवर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी बशी घेतली, खाली ठेवली आणि मग उचललीच नाही.

म्हातारीने मला जवळ बसवलं. नाव, गाव, स्वयंपाक येतो का, असं काही विचारलं नाही. माझा उजवा खांदा चाचपला. मग बगलेखाली हात नेऊन अंगठा शिवणीवरून फिरवला, सावकाश, वरून खाली. उसवलेल्या टिपांची भोकं रेशमावर राहिलेली होती. ती तिच्या अंगठ्याला लागत होती, हे मला समजत होतं.

"सगळं उसवलं का ग?" ती म्हणाली. रागाने नाही. जिभेवर साखर होती.

मी दंड अंगाशी मिटून घेतला.

"असू दे, असू दे. आमच्या घरी आली की घालशील पुन्हा टिपा." ती आईकडे वळून हसली. "खांदा बी तसाच हाय, बघा. देवानंच धाडली. बाकीच्या पोरींला ह्यो टाक गळ्यात घाला म्हणलं की तोंड वाकडं करत्यात."

तिने कमरेच्या पिशवीतून एक लहानशी चांदीची पत्री काढून पाटावर ठेवली. आमच्याकडे दुसरेपणाच्या बायकोला सवतीचा टाक गळ्यात घालावा लागतो, गेलेलीने त्रास देऊ नये म्हणून. पत्रीवर ठोकून काढलेली बाईची आकृती होती. डोळे, नाक काही नव्हतं. लुगडं होतं आणि हात होते.

ते गेले. बाबा खूश होते, त्यांनी जागेवरच होकार दिला होता. आई टाकाकडे बघत बसली होती. म्हातारी तो आमच्याकडेच ठेवून गेली होती.

"आई, तिला हे पोलकं माहीत होतं," मी म्हणाले.

"म्हातारं मानूस हाय, काहीबाही बोलते."

मी तिन्ही पोलकी आणली आणि उलटी करून तिच्यापुढे ठेवली. चार दिवसांच्या तापात बाई तीनदा पोलकं आत घेत नाही, एवढंच बोलले. आई बराच वेळ त्या टिपांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मानूस वाळते कधी कधी. आपन कोनाच्या घरात पाह्यलं थोडंच." पण तिचा आवाज उतरला होता. बोहारीण येईपर्यंत तिने बाबांना सुपारीची तारीख धरू दिली नाही.

बोहारीण आली. आईने तिला कधी नव्हे ते ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि हिरवं पोलकं दाखवलं.

"हे कुठलं वो?"

"हे? देऊळगावचं. बालाजीजवळचं दुमजली घर. म्हातारीनं देल्लं. सा पेले घेतले माह्याजवळून, लई घासाघीस केली."

"सून मेल्यावर ना?"

"नाही वो! सून तठीच बसेल होती, जिन्यापाशी. चादर पांघरून." बोहारीण पाणी पिता पिता थांबली. "म्या म्हटलं, बाई, चांगलं रेसीम हाय, काऊन देता? सुनेनं हात पुढं केला. नुसतं पोलक्याचं एक टोक धरून बसली. म्हातारीनं सोडवलं. म्हने, तिले आता काही लागत नाही. उगाच कपाट अडते."

"बिमार होती?"

"काय मालूम. भुकेजली दिसे मले." तिने पेला उपडा ठेवला. "आपल्याले काय करनं हाय? पेला घ्या एखांदा."

संध्याकाळी बाबा चपला काढत होते तेव्हाच आई म्हणाली, "पोरगी नाही द्यायची तठी."

"आता? होकार गेलाय! लोक काय म्हणतील? कारण काय सांगू?"

"सांगा, पोरीले पसंत नाही."

"तिने असं कधी म्हटलं?" बाबा माझ्याकडे वळले. चिडण्यापेक्षा चकित जास्त होते. "तुला पसंत नाही?"

"नाही," मी म्हणाले. ते वाक्य मनात आधी कोणत्याच भाषेत तयार झालेलं नव्हतं.

टाक बाबांनी मध्यस्थाच्या हाती परत पाठवला. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. हिरवं पोलकं मी घडी करून पेटीत तळाशी ठेवलं. अंगात घालवत नव्हतं, आणि बोचक्यात परत टाकवतही नव्हतं. रात्री पेटीवरचं पांघरूण ओढताना मला वाटायचं की आत कोणीतरी टोक धरून ठेवलं आहे.

पुढचा उन्हाळा संपता संपता बोहारीण आली तेव्हा मी सवयीने बोचक्यात हात घातला. गुलाबी पोलकं वर आलं. नवंकोरं, लग्नातलं असावं, बाहीला छोट्या टिकल्या. खांदे अगदी सरळ. मला जरा हायसं वाटलं आणि मी ते उलटं केलं.

आत एक टीप होती. तिच्या आत दुसरी. दोरा अजून चमकत होता.

"हे कुठलं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोहारणीला हा प्रश्न केला होता.

"त्याच घरचं. नवी सून हाय ना. म्हातारी म्हने, तिले बसत नाही आता, घेऊन जाय."

आई मागे येऊन उभी होती. तिने माझ्या हातातून पोलकं घेतलं, उजेडाकडे धरलं. "पोरीचं माहेर कुठं हाय?"

"लोनारकडचं. गावाच्या अलीकडं भाजीचा मळा हाय त्यायचा, रस्त्यालेच लागून. काऊन?"

आईने पोलक्याची घडी केली. बाबांचं ताट झाकून ठेवलं, पोलकं पिशवीत घातलं, आणि आम्ही लोणारच्या गाडीला जाऊन उभ्या राहिलो. वाटेत ती फक्त एकदा बोलली. "काय सांगनार वं आपन त्यायले?" खिडकीबाहेर नांगरलेली काळी रानं होती, भर दुपारी एक माणूस दिसत नव्हतं.

मळा सापडला. मुलीचे वडील वांग्याच्या वाफ्यात पाणी मोडत होते. त्यांची बायको बांधावर बसून भेंड्या निवडत होती. दोन अनोळखी बायका पाहून त्यांनी आम्हाला खाट टाकून दिली, गूळ-पाणी दिलं. पोरगी कशी आहे, आईने विचारलं. मजेत आहे म्हणाले. मोठं घर पडलं. अक्षय्य तृतीयेला आणायला गेलो होतो, पण सासू म्हणाली, कामाचे दिवस आहेत, नंतर पाठवते.

आईने पिशवीतून पोलकं काढलं.

वडिलांनी ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि मोकळेपणाने हसले. "हे आमच्या पोरीचं नाही बाई. एवढी बारीक नाही ते. चांगली अंगानं भरेल हाय, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढते. तुमी भलत्याच घरी आल्या."

त्यांनी ते बायकोकडे दिलं. तिनेही आधी मान हलवली, नाही म्हणून. मग बाहीवरच्या टिकल्यांपाशी तिचं बोट थांबलं. एक टिकली उलटी लागलेली होती. ती तिने नखाने खरवडली, पोलकं उलटं केलं, आतल्या दोन्ही टिपा पाहिल्या. मग दोन्ही हात पोलक्याच्या आत घालून ते बाजूंनी ताणून धरलं, पोरीच्या कमरेएवढं. रेशीम तेवढं ताणलं जात नव्हतं. ती ताणतच राहिली.

"सोड वं, फाटून जाईन," नवरा म्हणाला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फावडं हातातून खाली ठेवलं.

पाटाचं पाणी वाफा भरून बाहेर वाहायला लागलं होतं. कोणी वळवलं नाही. बाईने भेंड्यांची पाटी तशीच सोडली, पोलकं कमरेला खोचलं आणि आईला विचारलं, "देऊळगावची गाडी कव्हा हाय?"