मालकांची सही

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मीही म्हणते, आणि म्हणताना आवाजात थोडं तूप घालते. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं, मला मजा येते. तर आमच्या मालकांनी माझा जीव कसा वाचवला, त्याची ही हकिगत.

दोन मुलींच्या पाठीवर मला पुन्हा दिवस गेले होते. तिसरा महिना सरत आला होता. भाजी निवडताना मी पोटातल्याशी बोलायचे. आज चुका आहे, तुला आंबट चालतं का बघू, असल्या गप्पा. एका सकाळी अंगावरून जायला लागलं, म्हणून सासूबाईंना घेऊन कन्हेरीहून बारामतीच्या दवाखान्यात गेले. मालक घरी नव्हते. एका मित्रानं नवी गाडी घेतली होती. तिचा मान राखायला पाच जण भिगवणला मासे खायला गेले होते.

सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाईंनी पडदा हळूच माझ्यापासून वळवला, तेव्हाच मला कळलं. ठोके थांबले होते.

"रक्त जातंय," त्या म्हणाल्या. "पिशवी आजच साफ करू. थांबायला नको."

सासूबाई उभ्या राहिल्या. "त्यो आल्याबिगर हात लावायचा न्हाय. सही गड्याची लागती."

"मावशी, सही पेशंटची लागते."

"आमच्यात गड्याची लागती."

मी फोन लावला. मालक म्हणाले, "आरं बापरं! मी आल्याबिगर काय बी करू नगा. सही मीच करनार." मग फोन कानालाच ठेवून, "हिकडं आनखी एक चिलापी. जरा कडक."

त्या 'जरा कडक'चं मला आजही नवल वाटतं. एवढ्या दुःखातही माणसाचं चित्त किती थाऱ्यावर!

भिगवणहून बारामती पाऊण तासाची वाट. मी तासभर धीर धरला. बाहेर हॉर्न वाजला की सासूबाई खिडकीशी जात आणि परत येऊन बसत. दुसऱ्यांदा फोन केला तर मालक म्हणाले, "निघालोच." मागून मित्र ओरडला, "वैनी, काळजी करू नका, आमी हाय!" ताटल्यांचा आवाज थांबला नव्हता. दोन तास होत आले. नर्सनं चादर बदलली आणि सासूबाईंकडे असं बघितलं की त्यांनी पदर नीट केला. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. मुली शाळेत होत्या. मला एवढंच कळत होतं, की ह्या माणसाचं जेवण आटपेपर्यंत मी पुरले तर पुरले.

"ताई, आणा तो कागद," मी नर्सला म्हणाले.

अक्षर वाकडं आलं, पण सही झाली. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या.

मालक आले ते साडेतीन तासांनी, चार मित्रांसह, कडक इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून. मी तोवर खाटेवर परत आले होते.

"कुठं करायची सही?" दारातूनच गरजले.

"झालं सगळं," नर्स म्हणाली.

"झालं? माझ्याबिगर?"

त्यांचा चेहरा असा पडला, जणू काही गेल्याचं त्यांना आत्ता कळलं. नर्स फार गुणी बाई. "साहेब, हितं करा," म्हणाली, आणि भेटायला येणाऱ्यांची वही पुढं केली. मालकांनी सही केली, खाली दोन रेघाही ओढल्या. मित्रांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवले. केवढा प्रसंग!

मग ते माझ्याजवळ वाकले. हाताला माशाचा वास येत होता. हळूच विचारलं, "काय व्हतं, कळलं का?"

मी डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. बायका आत माझ्यापाशी, गडीमाणसं ओट्यावर मालकांपाशी. ओट्यावर रोज नवा प्रयोग. पहिल्या दिवशी मालक दवाखान्यात वेळेवर पोचले. दुसऱ्या दिवशी गाडी अशी हाणली की म्हणे टायर तापले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई हात जोडून उभ्या.

"म्हनल्या, सही करा, न्हायतर बाई हातची जाती. म्या म्हनलं, पोर जाऊ द्या, पर बायकू वाचवा!"

भावकीतले एक तात्या हळहळले. "काळीज लागतं, राव."

मला उठवत नव्हतं, पण आवाज शाबूत होता. जवळच्या बायका दचकतील एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "तात्या, सही मी केली. मालक भिगवणला मासं खात व्हतं. कडक मिळाला का, इचारा त्यांनाच!"

मग मालकांचं हसू ऐकू आलं, समजूतदार, मायाळू. "ताप हाय तिला. भरमात बोलती."

"व्हय, व्हय, आसं व्हतं," तात्या म्हणाले.

संपलं. माझे ते दोन तास, ती वाकडी सही, सगळं तापात जमा झालं. मला पहिल्यांदाच रडू आलं, तेही पोटातलं गेल्याचं नव्हे, ह्याचं.

सासूबाई चहाचं ताट घेऊन बाहेर निघाल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"ताप न्हाय तिला. तिनंच केली सही. मी व्हते तितं." ताट ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. "आनि मीच आडवली व्हती तिला, तुझी वाट बघत. माझी दोन गेली, तवा तुझा बाप बैलं बघाय गेलता. तुमास्नी येळ कदी गावतो रं?"

कुणी कप उचलला नाही. मालकांना एकाएकी विहिरीवरची मोटार आठवली आणि ते तिकडं गेले. तात्याही चपला शोधू लागले.

सासूबाई आत आल्या, माझ्या उशाशी टेकल्या.

"दोन?" मी विचारलं. त्या घरात मला पंधरा वर्षं झाली होती, एकाचंही नाव मी ऐकलं नव्हतं.

"सांगती," त्या म्हणाल्या. "त्या बाहेरच्यांचा च्या आत आना गं कुनीतरी, आपून पिऊ."