सदाची फक्की

एक माणूस सोडला तर हे मी आजवर कुणापाशीही बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. आईपाशी तर नाहीच — का ते पुढं कळेल. वाचताना तुम्हाला माझा राग येईल. येऊ दे. मला तो रोज येतो, आरशासमोर दाढी करतानाही येतो. आणि या महिन्यात तर इतका येतोय की लिहिल्याशिवाय सुटका नाही.

कारण या महिन्यात आमच्या गावाला दुसरं काही सुचत नाही. मंडळाच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेची स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यात गावातल्या प्रत्येकानं ‘माझी आवडती फायनल’ सांगायची आहे. मंडळाच्या पोरांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढलाय. सकाळी चहाच्या आधीपासून लोक आवाजी निरोप पाठवायला लागतात. इतक्या वर्षांत इतक्या फायनली झाल्या — पण सगळ्यांची आवडती एकच. निपाणीकडच्या संघाबरोबरची. शेवटचा चेंडू. बाळूचा कॅच.

बाळू दर निरोपात वीतभर उंच उडतो. एकानं तर त्याला आडवा उडवलाय, घारीसारखा. कडोलीत राहणारा गावचा एक जावई — त्याचं लग्न त्या फायनलीनंतर कितीतरी वर्षांनी झालं — तो म्हणतो, मी झाडावर बसून बघितलं. आमच्या माळावर झाड कुठं होतं? पण त्याला कोण विचारणार? आणि मी कुठल्या तोंडानं विचारू? कारण प्रत्येकाची आठवण शेवटी माझ्यावर येऊन थांबते. ‘मग पंचानं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले — आत!’ आणि पुढं टाळ्यांच्या चित्रांची रांग.

तो मास्तर मी.

तेव्हा मी मास्तर झालो नव्हतो. बेळगावात डी.एड. करत होतो, म्हणून पोरं आधीपासूनच मास्तर म्हणायची. आमच्याकडच्या स्पर्धेत एक पद्धत आहे, ती सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदानाची हद्द म्हणजे चुन्याच्या फक्कीची रेषा, आणि तिला चिकटून सगळं गाव बसलेलं. पंच दोनच, तेही मधे. मग सीमेवरचा चेंडू चार की सहा, कॅच आत की बाहेर, हे कोण सांगणार? त्यासाठी लाईनीचा माणूस. दोन्ही कप्तानांनी मिळून निवडायचा. तो देवाची शपथ म्हणून कपाळाला भंडारा लावून रेषेलगत बसतो, आणि त्याचा शब्द शेवटचा. फायनलीला शक्यतो असा माणूस शोधतात ज्याचं दोन्ही गावांशी नातं आहे. मी सापडलो. हे माझं गाव, आणि ते माझं आजोळ. मामाचं गाव.

समोरच्या संघाचा सगळ्यात जोरकस फलंदाज होता सदा. माझा सख्खा मामेभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणणारा. मामा, म्हणजे सदाचे आप्पा, त्याचा खेळ बघायला पहिल्यांदाच आले होते. धुवट धोतर, डोक्याला पटका, समोरच्या बाजूला पाहुण्यांच्या खुर्चीवर.

सकाळपासून माझ्या पाठीमागं आमचीच पोरं बसली होती. ‘मास्तर, आज जेवण कुठं? मामाकडं कोंबडं शिजतंय व्हय?’ ‘अरं, भाचा हाय त्यो त्यांचा. कपाळाला भंडारा आपला, पोटात मीठ मामाचं.’ ‘मास्तर, तू कुणाचा रं?’ सगळे हसायचे, मीही हसायचो. पण ते लागत होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. टोमणे कुणाला मारत नाहीत? टोमण्यानं कुणी खोटं बोलत नाही. खोटं बोलायचं असतं म्हणून बोलतो माणूस.

शेवटचा चेंडू. त्यांना पाच धावा हव्या होत्या. सदा समोर. त्यानं तो उचलला तेव्हाच आवाज असा आला की आमच्याकडची सगळी माणसं गप्प झाली. चेंडू सरळ माझ्या अंगावर येत होता. बाळू मागं मागं पळत आला, पाठमोरा, आणि माझ्यापासून हातभरावर त्यानं उडी मारली. कॅच घेतला. चांगला घेतला, त्यात खोट नाही. पण खाली येताना त्याची टाच रेषेवर पडली. रेषेला लागली नाही — रेषेवर पडली. सगळी टाच. फक्की धुरासारखी वर उडाली, माझ्या पँटवर बसली. मग तो तोल सावरत आत गेला आणि लोळला. त्याला स्वतःला कळलं नव्हतं. तो उताणा पडून माझ्याकडं बघत होता — ‘आत हाय न्हवं? आत हाय न्हवं?’

म्हणजे षटकार. म्हणजे सदानं सामना जिंकला होता.

आता जे सांगतोय ते मी इतकी वर्षं स्वतःच्या मनातही कधी पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. लोक समजतात मी एक शब्द बोललो. शब्द नंतर आला. पंच मधून धावत येत होते. रेषेवर टाचेचा ठसा होता, वाटीसारखा, स्वच्छ. त्यांनी येऊन बघितला असता तर मला विचारायचीही गरज नव्हती. मी उठलो. दोन पावलं पुढं झालो आणि माझी चप्पल त्या ठशावर ठेवली. पाय जरा फिरवला. विडी विझवतात तसा. आणि तिथंच उभा राहून, कपाळाला भंडारा असताना, म्हणालो — ‘आत.’

घाईत झालं का? नाही. भीतीनं? थोडं. पण पाय फिरवताना मला व्यवस्थित कळत होतं मी काय पुसतोय.

सदा बॅट हातात घेऊन पळत आला. ‘अण्णा, फक्की उडाली की! मी तिथनं बघितली!’ तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. लक्षात घ्या. त्याला वाटत होतं मी नीट बघितलं नसेल, तो मला मदत करत होता. मी म्हणालो, ‘न्हाय उडाली.’ मग तो पंचांना म्हणाला, कप्तानाला म्हणाला, माझ्या पायाकडं बोट दाखवून म्हणाला — ‘पाय उचल की अण्णा, पाय उचल!’ मी उचलला. खाली काय राहिलं होतं? माझ्याच चपलेचा फराटा.

तोवर मामा मैदान ओलांडून आले होते. दोन गावं बघत होती. त्यांनी सदाच्या कानाखाली वाजवली. ‘भाचा हाय माझा. त्यो खोटं बोलायचा न्हाय. बॅट ठेव खाली आणि चुकलो म्हण.’

सदा चुकलो म्हणाला. मला.

स्पर्धेचं बक्षीस ढाल आणि एक बोकड. बोकड दुसऱ्या दिवशी कापला. मीही जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

इथं थांबलं असतं तर मी आज कदाचित गप्पच राहिलो असतो — एक खेळ होता, एक खोटं होतं, कुठल्या गावात नसतं? पण ते थांबलं नाही. आमच्या गावात आणि त्यांच्याही गावात एक नवा बोलण्याचा प्रकार आला. कुणी काही न पटणारं सांगितलं की ‘सदाची फक्की!’ पोरगा म्हणाला पेपर सोपा गेला — सदाची फक्की. दूधवाला म्हणाला पाणी घातलं नाही — सदाची फक्की. ज्यांनी ती मॅच बघितली नाही, ज्यांना सदा कोण हे माहीत नाही, तेही म्हणतात. सदाच्या लग्नात मांडवात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं आणि नवरीकडची माणसं काय म्हणून विचारायला लागली. त्यांना सगळी हकिकत रंगवून सांगणाऱ्यांत मी बसलो होतो. मी हसत होतो.

सदानं पुढच्या वर्षापासून खेळणं सोडलं. तेही एक वेळ बाजूला ठेवू. पण मामा? तंबाखूच्या वजनात व्यापारी काटा मारतोय असं सदानं घरी सांगितलं, तेव्हा मामा म्हणाले, ‘तुला सगळीकडं फक्कीच दिसती.’ तो खरं बोलत होता. पुढच्या हंगामात दुसऱ्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा मामांनी मानलं. बांधाची मोजणी आली तर मामांनी मला बेळगावहून बोलावून घेतलं. पोटचा पोरगा शेजारी उभा, आणि साक्षीला भाचा. जत्रेला गेलो की पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, ‘माझ्या पोरापेक्षा ह्यो खरा.’ सदा पाणी घेऊन आलेला असायचा. तांब्या ठेवून जायचा. आई आजही ती गोष्ट सांगते — भावाच्या गावाविरुद्ध निकाल दिला माझ्या लेकानं, पण खरं सोडलं नाही. हे मी लिहितोय ते छापून यायच्या आधी तिला सांगावं लागेल. कसं सांगू?

मामा वारले. तेव्हाही मी बोललो नाही.

परवा मंडळाची पोरं माझ्याकडं आली, मोबाईल घेऊन. ‘सर, तुमच्याशिवाय स्मरणिका अपुरी.’ मला तेव्हा ‘नाही’ म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी काय केलं? सदरा बदलला, खुर्ची उजेडात ओढली आणि पुन्हा सांगितलं. नुसतं सांगितलं नाही. ‘टाच चांगली चार बोटं आत होती’ हे नवीन घातलं. चार बोटं! वर्गात पोरांना मी खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करतो.

माझा व्हिडिओ ग्रुपवर गेला. आणि संध्याकाळी त्याच्याखाली सदाचा निरोप आला. त्याला कुणी ग्रुपात घेतलं देव जाणे, गमतीसाठीच घेतलं असणार. मी तो इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय.

‘नमस्कार मंडळी. मी सदा, फक्कीवाला. आता वय झालं, आता सांगायला हरकत न्हाय. तवा मला वाटलं फक्की उडाली. माळावरची धूळ असंल ती. डोळ्यांचं काय खरं असतंय? अण्णा जवळ बसलाता, त्यानं बघितलं. मी उगं भांडलो आणि आप्पांची मान दोन गावांत खाली घातली. तेवढं एक राहून गेलं, आप्पांना सांगायचं. मंडळाची माफी मागतो. तुमची फायनल लई भारी हुती.’

खाली हसणारी तोंडं. ‘मोठ्या मनाचा माणूस.’ ‘याला म्हणतात खिलाडू वृत्ती.’ मी फोन भिंतीवर मारणार होतो. कुणावर चिडलो होतो मी? त्या हसणाऱ्यांवर? त्यांना काय माहीत? मी सदावर चिडलो होतो — हे ऐका, इतका मी नालायक आहे. त्यानं विश्वास का ठेवला? त्याच्या डोळ्यांनी बरोबर बघितलं होतं, तर त्यानं आयुष्यभर मला शिव्या का दिल्या नाहीत? माझ्या खोट्यानं त्याचा सामना गेला हे मला ठाऊक होतं. त्याचे डोळेही गेले होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. आप्पांची माफी मागायची राहिली म्हणतोय तो!

रविवारी निपाणीची गाडी धरली. सदा गोठ्यामागं म्हशीला धूत होता. ‘अण्णा, कळवलं असतंस तर कोंबडं कापलं असतं,’ म्हणाला. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. टाच, ठसा, चप्पल, पाय फिरवला ते — सगळं. तो म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘डावी टाच न्हवं?’

‘व्हय. डावी.’

‘मला बी डावीच दिसलती.’

एवढं म्हणून त्यानं तांब्या बादलीत टाकला. त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता आणि बघायची हिंमतही नव्हती. मग त्यानं विचारलं, ‘आप्पा असताना का न्हाय सांगितलंस?’

त्याचं उत्तर मी त्याला दिलं नाही, इथं देतो. मामा पोटच्या पोरापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवायचे, पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवायचे, आणि तो हात मला आवडायचा. सदा तांब्या ठेवून मागं फिरायचा तेव्हाही आवडायचा.

सदानं पुन्हा विचारलं नाही. म्हैस सोडली आणि तिला घेऊन आत गेला.