वळणासाठी निवडलेल्या पाट्या

शेलूबाजारचे शेजारी म्हणायचे, "ग्यानबाच्या गोविंदाले सरकार बरफावर घसरगुंडी खेळायचा पगार देऊन राह्यलं!"

१९७४ साली काश्मीरमध्ये गोविंदाच्या पलटणीत स्कीची शर्यत ठरली. जिंकणाऱ्यालाच पलटणीच्या स्की-संघात जागा होती. वेगासाठी बाकी सगळ्यांनी पायाला बांधायच्या लांबलचक स्की-पाट्या उचलल्या. गोविंदाने आधी शर्यतीचा उतार पायी चढून पाहिला. वरचा भाग सरळ होता, पण खाली वळणेच वळणे होती. म्हणून त्याने मध्यम लांबीच्या, धारदार कडांच्या पाट्या निवडल्या. सुरुवातीला तो मागे पडला. पण वळणांवर इतर बाहेर फेकले गेले आणि कडा बर्फात रोवत तो पहिला खाली उतरला.

सुट्टीत गोविंदा गावी आल्यावर शर्यतीची गोष्ट ऐकून शेजारच्या पंजाबरावांनी विचारले, "लंब्या पाट्या काहून नाही घेतल्या बे?"

"सिध्या उतारावर तं कोणीबी पळते, काका. मले वळूनबी पयला यायचं होतं."