साडूंची बैलं आणि नवरदेवाचे मोजे

जी वस्तू कुणालाच दिसत नाही तिच्यापायी अख्ख्या गोतावळ्याशी वैर घेणारा माणूस जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. साडू गावाबाहेरच्या सांडपाणी केंद्रावर केमिस्ट आहेत. शहरातल्या मोऱ्यांचं पाणी तिथे येतं, टाकीतले जिवाणू त्यातली घाण खातात, पाणी निवळून पुढे जातं आणि खाली गाळ उरतो. या जिवाणूंना साडू 'माझी बैलं' म्हणतात. पंगतीत शेजारी बसले की बैलांनी आज काय खाल्लं आणि त्यांची तब्येत कशी आहे हे इतक्या प्रेमाने सांगतात की आपला वरणभाताचा घास हातातच राहतो.

या बैलांची वैरीण म्हणजे चांदी. पायांना वास येऊ नये म्हणून हल्ली काही मोज्यांत चांदीचे कण घालतात, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. मोजे धुतले की ते कण मोरीत उतरतात. चांदी जंतू मारते याचं मोजेवाल्याला भूषण, आणि साडूंना ती बैलांच्या गव्हाणीत टाकलेली विषाची पेंड वाटते. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळ्या पोरी नवरदेवाचे बूट पळवण्यात गुंतल्या होत्या, तेव्हा हे एकटे वाकून त्याच्या मोज्यांवर छापलेलं वाचत होते. मग भर मांडवात त्यांनी मोजे काढून मागितले. नवरदेव पुण्याकडचा. त्याला वाटलं, मराठवाड्यातली रीत असेल. त्याने मुकाट काढून दिले. घरी मेहुणीने ते भोळेपणाने बादलीत भिजवले आणि साडू पेचात पडले. पाणी मोरीत ओतावं तर बैलांकडे जाणार, झाडांना घालावं तर मातीत जाणार. शेवटी बादली गच्चीवर उन्हात ठेवली. पाणी आटलं, तळाला पांढरट कड राहिली, आणि आता ही घासू की नको, असं मेहुणी विचारू लागली. ती बादली अजून गच्चीवरच आहे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग केंद्रावरचा वाळलेला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून फुकट द्यायचं ठरलं, आणि आष्टीहून साडूंच्या थोरल्या भावाचाच ट्रॅक्टर पहिला येऊन उभा राहिला. साडूंनी फाटक उघडलं नाही. पाण्यातली बहुतेक चांदी शेवटी याच गाळात बसते, तपासणीत शिसं-बिसं कळतं, पण असले कण कुणी बघतच नाही, असं त्यांचं म्हणणं. टाकीत गंधकाशी संयोग होऊन चांदी शांत होते, असं केंद्राच्या साहेबांनी समजावलं. साडू म्हणाले, ते बराबर आहे, पण सालोसाल हा गाळ पडत राहिला तर मातीचं काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक होईस्तोवर मी हो म्हणणार नाही. बदली करायची तर खुशाल करा. साहेब आत निघून गेले, पण भाऊ ट्रॅक्टरवरून खाली उतरले.

"तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी का रे? लोकं हसून राह्यलेत मला."

"हसू द्या, दादा. लोकायच्या शेतात पडू देत न्हाई, मंग आपल्या शेतात कसं पडू देऊ?"

भाऊ रिकामी ट्रॉली घेऊन गेले आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं.

पोळ्याला साडू दरवर्षी आष्टीला जायचे; आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळायची खांदेमळणी त्यांच्याच हातची. यंदा बोलावणं आलं नाही. समजूत घालावी म्हणून मी पोळ्याच्या आदल्या दिवशी केंद्रावर गेलो, तर हे टाकीच्या कठड्याला हळद-लोणी चोळत उभे. खालच्या तपकिरी, बुडबुडणाऱ्या पाण्याला त्यांनी रीतीप्रमाणे उद्याच्या जेवणाचं आवतनही दिलं. मी हसायला लागलो आणि त्यांचा चेहरा बघून मला पुढे हसवेना. पोळ्याच्या सकाळी पुरणपोळीचा घास टाकीत सोडून झाल्यावर त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि बोलावणं नसताना आम्ही आष्टी गाठली.

भाऊ गोठ्यात बैलाच्या शिंगांना बेगड लावत होते. आम्हाला पाहून त्यांनी पाठ फिरवली. वहिनींनी पाण्याचे तांबे आणून दिले आणि त्या डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. साडू घरामागच्या शेतात उतरले. मूठभर माती उचलली, चुरली, बराच वेळ नाकाशी धरली. आता आपल्याला भाषण ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो.

"चांगलीय अजून," ते म्हणाले. "दादा न्हाई बोलला तरी चालंल मला."

त्यांना ते बिलकुल चालणार नव्हतं. साडूंनी ती माती उचलली होती तिथेच वाकून परत ठेवली, गोठ्याकडे एकदा पाहिलं, आणि हात न झटकताच गाडी सुरू केली.